मोरकीची शिकवण

पशुप्रदर्शनाच्या रिंगणाभोंवतीं उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाची दृष्टि साहजिकच जनावरावर खिळते. पंचवीस मण वजनाचा वळू, त्याची तुकतुकीत कातडी, सरळ पाठ, भरदार मांड्या, ठाम पडणारीं पावलें. हें सारें डोळे भरून पाहण्यासारखें असतें. त्याच्या शेजारून चालणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे फारसें कोणी पाहत नाहीं, आणि त्या दोघांमध्यें असलेला दोर तर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. तो दोर बहुधा सैल असतो. वळूनें मनांत आणलें तर एका हिसड्यासरशीं तो मुलगा दहा हात फरपटत जाईल. परंतु वळू तसें मनांत आणीत नाहीं. तो कां आणीत नाहीं, ह्या साध्या प्रश्नाच्या उत्तरांत पशुपालनाच्या इतिहासाचा एक मोठा आणि बराचसा अलिखित भाग सामावलेला आहे.

जनावराच्या तोंडाभोंवतीं बांधावयाच्या दोराला आपल्याकडे मोरकी म्हणतात. दावें, मोरकी, वेसण आणि कासरा हे शब्द मराठी शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यांतील असून प्रत्येकाचें काम निराळें आहे. दावें जनावराला खुंट्याशीं बांधून ठेवतें, मोरकी तोंड आवरते, वेसण नाकाच्या आरपार जाऊन जोर मोडते आणि कासरा कामाच्या बैलाला दिशा दाखवितो. आपल्याकडे ह्या साऱ्या दोरांचा शेवट बहुधा जुवापाशीं होतो. नांगराला किंवा गाडीला न जुंपतां, केवळ चारचौघांत नीट चालावें, नीट उभें राहावें आणि परक्या माणसाचा हात अंगावर फिरला तरी बुजूं नये, एवढ्यासाठींच वासराला मोरकीवर शिकविण्याची स्वतंत्र विद्या मात्र मुख्यतः इंग्लंड व स्कॉटलंड ह्या देशांत वाढली, आणि तेथून ती अमेरिकेंत व इतरत्र गेली.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतील बहुतेक गुरें कळपानें जगत आणि कळपानेंच विकलीं जात. गांवच्या सामाईक कुरणांत सर्वांचीं जनावरें एकत्र चरत. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागांतील काळीं गुरें फॉलकर्कच्या बाजारांत जमा होत, आणि तेथून त्यांचे तांडेच्या तांडे शेंकडों मैल चालत दक्षिणेकडे लंडनच्या स्मिथफील्ड बाजाराकडे नेले जात. वाटेंत खूर झिजूं नयेत म्हणून त्यांना लोखंडी पत्र्याचे नाल ठोकीत. अशा कळपाला हांकणारा माणूस आणि त्याचा कुत्रा पुरेसा असे. एकेका जनावराला दोर लावण्याचें कारणच पडत नसे. दोर माहीत असे तो गोठ्यांत बांधून दुभत्या गायीला आणि नांगराच्या बैलाला. त्यांपैकीं नांगराचा बैल तर त्या देशांत हळूहळू घोड्याला जागा करून देत होता. म्हणजे जुवाची जुनी शिकवण जेव्हां मावळूं लागली, नेमक्या त्याच काळांत मोरकीची नवी शिकवण उदयास आली. हा योगायोग नव्हे. बैल औतांतून सुटला, आणि त्याच्या शरीराकडे पाहण्याची दृष्टिच बदलली. पूर्वीं त्याची पारख ओढण्याच्या शक्तीवरून होई. आतां ती अंगावरील मांसावरून होऊं लागली.

शहरें वाढत होतीं, गिरण्यांभोंवतीं वस्ती दाटत होती आणि मांसाला मागणी चढत होती. त्याच सुमारास सामाईक कुरणांना कुंपणें पडूं लागलीं. कुंपण पडल्यामुळें कोणती गाय कोणत्या वळूकडे जावी हें ठरविणें प्रथमच मालकाच्या हातीं आलें. कळप मागें पडून एकेक जनावर पुढें आलें. त्याला नांव मिळालें, मायबापांची नोंद मिळाली आणि किंमतहि मिळाली. ज्याला नांव आहे तें जनावर गर्दींतून वेगळें काढून दाखवितां आलें पाहिजे, ही गरज येथूनच उत्पन्न झाली.

ह्या नव्या युगाचा पहिला मोठा पुरुष म्हणजे लीस्टरशायरमधील डिशली येथील रॉबर्ट बेकवेल. त्याचा जन्म १७२५ सालचा आणि मृत्यु १७९५ सालचा. लांब शिंगांचीं गुरें आणि लीस्टर मेंढ्या ह्यांची निवडक पैदास करून त्यानें युरोपभर कीर्ति मिळविली. आपल्या उत्तम जनावरांचे सांगाडे आणि खारविलेले मांसाचे तुकडेहि तो घरांत ठेवी, म्हणजे मागच्या पिढीशीं पुढची पिढी ताडून पाहतां येई. त्याच्या पैदाशीच्या पद्धतीबद्दल पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु कृषिलेखक आर्थर यंग हा १७७० च्या सुमारास डिशलीला गेला तेव्हां त्याला आणखी एका गोष्टीचें मोठें नवल वाटलें, आणि तें त्यानें १७७१ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनांत नमूद करून ठेवलें आहे. बेकवेलचे वळू शेतांत पाहुण्यांसमोर शांतपणें उभे राहत. बोटाएवढ्या जाडीची, हातभर लांबीची काठी घेतलेला एखादा पोरगा वळूला इतर वळूंतून वेगळा काढी, आणि त्याच्या बाजूनें चालत शेताच्या एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत घेऊन जाई. ती काठी मारण्यासाठीं नसे. ती केवळ दिशा सांगे. ह्याचें कारणहि यंगनें दिलें आहे: त्या जनावरांना वासरूं असल्यापासूनच ही संवय लाविलेली असे.

ह्या लहानशा नोंदीचें महत्त्व फार आहे. त्या काळांत वळू म्हणजे क्रोधाची मूर्ति, आणि त्याला काबूंत ठेवावयाचें तर मारानें व उपासानें, अशीच सर्वसाधारण समजूत होती. वळूला खुंट्याला बांधून त्याच्या अंगावर कुत्रे सोडण्याचा खेळ इंग्लंडांत राजरोस चालू होता. तो कायद्यानें बंद होण्यास १८३५ साल उजाडावें लागलें. अशा काळांत बेकवेलनें उग्रपणा हा वळूचा अटळ स्वभाव नसून पुष्कळ अंशीं तो माणसानेंच लाविलेला गुण आहे, हें प्रत्यक्ष दाखविलें. त्यांत त्याचा व्यवहारहि होताच. तो आपलीं उत्तम जनावरें विकीत नसे. हंगामापुरतीं भाड्यानें देई. जें जनावर भाड्यानें परक्या घरीं जावयाचें, तें गरीब स्वभावाचें असणें हा त्याच्या किंमतीचाच एक भाग होता. करुणा आणि हिशेब ह्या दोन गोष्टी येथें हातांत हात घालून चालल्या, आणि ह्या विद्येच्या पुढील सर्व इतिहासांत त्यांची ही संगत कधीं सुखाची तर कधीं दुःखाची ठरली आहे.

बेकवेलचा मार्ग पुढें चालविला तो डार्लिंग्टनजवळच्या चार्लस व रॉबर्ट कॉलिंग ह्या बंधूंनीं. त्यांनीं आंखूड शिंगांच्या गुरांची जी पैदास केली तिनें एकोणिसावें शतक गाजविलें. चार्लस कॉलिंगच्या केटन येथील गोठ्यांत १७९६ सालीं जन्मलेला एक बैल पुढें ‘डरहॅम ऑक्स’ ह्या नांवानें प्रसिद्ध झाला. तो असामान्य पोसला गेला होता. १८०१ सालीं तो प्रथम एकशें चाळीस पौंडांस विकला गेला, आणि कांहीं आठवड्यांतच जॉन डे नांवाच्या गृहस्थानें तो गाडीसह अडीचशें पौंडांस घेतला. डे ह्याला त्याच्यासाठीं पुढें दोन हजार पौंड देऊं केले गेले. पण त्यानें ते नाकारले. खास बांधलेल्या घोड्यांच्या गाडींतून तो ह्या बैलाला जवळजवळ सहा वर्षें इंग्लंड-स्कॉटलंडभर हिंडवीत होता. गांवोगांव लोक पैसे देऊन त्याला पाहत, त्याचीं छापील चित्रें विकत घेत आणि आपल्या पाणगृहांना त्याचें नांव देत. तीं नांवें इंग्लंडांत अद्यापि आढळतात. १८०७ सालीं ऑक्सफर्ड येथें बैलाचा खुबा निखळला. उपचार झाले, परंतु तो सुधारला नाहीं, आणि अखेर त्याला मारावें लागलें. जें शरीर पाहण्यासाठीं सारा देश लोटला, त्या शरीराचा भारच त्या जनावराला घातक ठरला असावा, हा विचार तेव्हां फारशा लोकांना सुचला नाहीं.

प्रदर्शनांना संघटित रूप आलें तेंहि ह्याच काळांत. १७९८ च्या डिसेंबरमध्यें लंडन येथें स्मिथफील्डची पशुसंस्था स्थापन झाली. बेडफर्डचा ड्यूक तिचा पहिला अध्यक्ष होता, आणि दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १७९९ सालीं, एका तबेल्याच्या आवारांत तिचें पहिलें प्रदर्शन भरलें. स्कॉटलंडांतील हायलंड सोसायटीनें १८२२ सालीं एडिंबरो येथें आपलें पहिलें प्रदर्शन भरविलें. त्याच वर्षीं जॉर्ज कोट्स ह्यानें आंखूड शिंगांच्या गुरांची वंशावळ छापून प्रसिद्ध केली. गुरांच्या जातीची ही जगांतील पहिली छापील वंशावळ होय. १८३८ सालीं इंग्लंडची कृषिसंस्था निघाली. तिचें पहिलें प्रदर्शन १८३९ सालीं ऑक्सफर्डला झालें आणि १८४० सालीं तिला राजाज्ञेनें ‘रॉयल’ हें बिरुद मिळालें. आगगाडीचे रस्ते देशभर पसरल्यावर हीं प्रदर्शनें दरसाल नव्या शहरीं भरूं लागलीं, आणि शेंकडों मैल दूरचीं जनावरें डब्यांत बसून येऊं लागलीं. तांडा चालविणाऱ्याचा धंदा बसला, आणि मोरकी धरणाऱ्याचा धंदा वाढला.

रिंगण जनावराकडून काय मागतें, हें समजल्याशिवाय ह्या शिकवणीचें मर्म कळत नाहीं. परीक्षक प्रथम दुरून पाहतो. मग जनावर चालवून घेतो. मग जवळ येऊन बोटांनीं बरगड्या, कंबर, शेपटाचें मूळ दाबून पाहतो. मांस घट्ट आहे कीं नुसती चरबी लोंबते आहे, हें डोळ्यांपेक्षां बोटांना अधिक कळतें. ह्या सर्व वेळीं जनावराचे चारी पाय योग्य जागीं असावे लागतात, पाठ सरळ राहावी लागते आणि मान वर असावी लागते. भ्यालेलें जनावर पाठ वांकवितें, पाय आंखडतें, शेपूट दाबून धरतें. त्याचे खरे गुण त्याच्या भीतीखालीं झांकले जातात. म्हणून उत्तम वासरूं जन्माला घालणें हें अर्धें काम, आणि त्याला निर्भय करणें हें उरलेलें अर्धें, असें जाणते गोठेवाले म्हणूं लागले.

ही निर्भयता एका दिवसांत येत नाहीं. वासरूं लहान, म्हणजे माणसाच्या शक्तीच्या आंवाक्यांत असतें, तेव्हांच तिचा आरंभ करावा लागतो. पहिले कांहीं दिवस दोराचें नांवहि काढावयाचें नसतें. शिकविणारा माणूस गोठ्यांत नुसता बसतो, वैरण घालतो, हळू आवाजांत बोलतो आणि मऊ ब्रशानें पाठ चोळतो. वासराला माणसाचा वास, त्याचा आवाज आणि त्याचा हात ह्यांची ओळख पटली म्हणजे मग मोरकी चढवितात. ती चढवितांना गालाखालून जाणारा दोर बरोबर बाजूला यावा लागतो. नाकावरची पट्टी फार खालीं आली तर श्वास कोंडतो आणि फार वर गेली तर डोळ्याला घासते. त्यानंतर वासराला मजबूत खुंट्याशीं थोडा वेळ बांधतात. दोर आंखूड ठेवतात, म्हणजे त्यांत पाय अडकत नाहीं, आणि कोणीतरी जवळ राहून लक्ष ठेवतें. वासरूं मागें ओढतें, दोर आवळतो. तें पुढें येतें, दोर सैल होतो. कांहीं वेळानें त्याला आपोआपच कळतें कीं, त्रास मागें आहे आणि सुख पुढें आहे.

चालविण्याची युक्तिहि ह्याच तत्त्वावर आधारलेली आहे. दोर ओढून धरल्यानें वासरूं चालत नाहीं. उलट तें चारी पाय रोवून उभें राहतें, आणि मग माणसाचें बळ व जनावराचें बळ ह्यांची झुंज सुरू होते. त्या झुंजींत आज ना उद्यां माणूस हरणारच. जाणता माणूस दोर किंचित् ताणतो आणि थांबतो. वासरानें एक पाऊल पुढें टाकलें कीं त्याच क्षणीं तो दोर सैल सोडतो. वासराला शिक्षण मिळतें तें ताणण्यानें नव्हे, सोडण्यानें. सोडण्याची वेळ चुकली, पाऊल पडल्यावरहि दोर ताणलेलाच राहिला, तर वासराला आपण काय बरोबर केलें हें कळतच नाहीं. आरंभीं पाण्याच्या हौदापर्यंत किंवा गव्हाणीपर्यंत नेतात, म्हणजे चालण्याच्या शेवटीं कांहीं तरी सुख असतें. पुढें अंगणांत, मग रस्त्यावर, मग माणसांच्या गर्दींतून नेतात. एक गोष्ट मात्र कटाक्षानें पाळावी लागते: वासराला हिसडा देऊन निसटतां येतें, हें एकदांहि कळूं द्यावयाचें नाहीं. जें एकदां सुटलें, तें पुढें प्रत्येक वेळीं सुटण्याचा प्रयत्न करतें. पूर्ण वाढलेल्या वळूवर एवढ्यानेंहि भिस्त ठेवीत नाहींत. त्याच्या नाकांत धातूची कडी असते आणि तिला काठी किंवा दोरी लाविलेली असते, कारण गरीबांतला गरीब वळूहि एखाद्या क्षणीं वळू असतो.

ह्या अनुभवसिद्ध नियमांचीं कारणें शास्त्राला फार उशीरां गवसलीं. गायीबैलांचे डोळे डोक्याच्या दोहों बाजूंस असल्यामुळें त्यांना जवळजवळ चहूंकडचें दिसतें. नेमकें पाठीमागचें तेवढें दिसत नाहीं. म्हणून मागून आलेला माणूस त्यांना शत्रु वाटतो. जमिनीवर पडलेली सावली, साठलेलें पाणी, वाऱ्यानें फडफडणारें फडकें, ह्यांपुढें तीं एकाएकीं थबकतात. प्रत्येक जनावराभोंवतीं एक अदृश्य मर्यादा असते. ती ओलांडून माणूस आंत आला कीं तें पळूं पाहतें, आणि माणूस मागें सरला कीं तें थांबतें. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील टेंपल ग्रँडिन ह्या विदुषीनें गुरांच्या ह्या वर्तनाचा बारकाईनें अभ्यास करून कत्तलखान्यांच्या व गोठ्यांच्या रचनेंत मोठी सुधारणा घडवून आणली. बेकवेलच्या पोरानें काठी हातांत घेऊन वळूच्या मागून न चालतां बाजूनें कां चालावें, ह्याचें उत्तर अशा रीतीनें दोनशें वर्षांनंतर पुस्तकांत आलें.

रिंगणाच्या ह्या वैभवाला एक काळी बाजूहि होती. परीक्षकाच्या डोळ्यांना आणि बोटांना जें कळतें त्यालाच बक्षीस मिळूं लागल्यावर, जें कळत नाहीं त्याची किंमत उतरली. स्मिथफील्डच्या आरंभींच्या वर्षांत जनावरें इतकीं लठ्ठ करण्यांत येत कीं त्यांना चालणेंहि जड जाई. पुढें लठ्ठपणाचें वेड ओसरलें, तर वंशावळीचें वेड आलें. कर्कलेव्हिंग्टनच्या टॉमस बेट्स ह्यानें जोपासलेल्या ‘डचेस’ वंशाच्या गायींना अमेरिकन आणि इंग्रज धनिक वेड्यासारख्या किंमती देऊं लागले. १८७३ सालीं न्यूयॉर्क मिल्स येथील लिलांवांत ह्या वंशाची एक गाय ४०,६०० डॉलरांना विकली गेली. परंतु नात्यांतल्या नात्यांत संबंध घडवून शुद्ध ठेवलेला हा वंश वांझपणानें ग्रासलेला होता, आणि थोड्याच काळांत तो नामशेष झाला. गाय किती दूध देते, तिला वासरें किती होतात, तीं जगतात कीं नाहीं, हें रिंगणांतील फेरींत दिसत नाहीं. ही उणीव ध्यानांत आल्यावर निराळे उपाय निघाले. १८९५ सालीं डेन्मार्कमधील व्हेयेन येथें शेतकऱ्यांनीं दुधाची नियमित मोजदाद करणारी संस्था काढली, आणि तिचें अनुकरण पुढें जगभर झालें. डोळ्याच्या पारखीला वहीच्या पारखीची जोड मिळाली.

दुसरा अन्याय माणसांवर झाला, आणि त्याची कोठें नोंदहि नाहीं. वंशावळीच्या ग्रंथांत वळूचें नांव आहे, त्याच्या बापाचें व आईचें आहे, पैदास करणाऱ्याचें व मालकाचें आहे. चित्रकारांनीं जनावराशेजारीं कधीं मालक, कधीं राखणदार काढला आहे. पण ज्यानें पहाटे कंदील घेऊन त्या वासराला फिरविलें, त्याच्या जवळ गवतावर निजून रात्र काढली आणि रिंगणांत ज्याच्या हातीं मोरकी होती, त्या गोठेवाल्याचें नांव बहुधा कोठेंहि सांपडत नाहीं. चांदीचा पेला मालकाच्या दिवाणखान्यांत गेला. जनावर मात्र मालकाला ओळखीत नसे. तें त्या नांव नसलेल्या माणसाच्या पावलांचा आवाज ओळखीत असे.

हा अन्याय थोडासा दूर झाला तो अमेरिकेंत, आणि तोहि मुलांच्या हातून. १९०२ सालीं ओहायो राज्यांत ए. बी. ग्रॅहॅम नांवाच्या शाळाधिकाऱ्यानें ग्रामीण मुलांचें एक मंडळ सुरू केलें. अशीं मंडळें इतर राज्यांतहि निघालीं. कोणी मका लावी, कोणी डुकराचें पिलूं पाळी, कोणी वासरूं पाळी. १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्यानें कृषिशिक्षणाच्या प्रसाराला सरकारी पैसा मिळाला आणि ह्या मंडळांना स्थैर्य आलें. डोकें, हृदय, हात आणि आरोग्य ह्या चार गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तीं ‘फोर-एच’ ह्या नांवानें ओळखलीं जातात. मुलानें एक वासरूं घ्यावें, त्याच्या खाण्याचा पैन् पै हिशेब ठेवावा, त्याला मोरकीवर शिकवावें आणि जिल्ह्याच्या जत्रेंत तें रिंगणांत न्यावें, असा हा क्रम. तेथें एक स्पर्धा अशी असते कीं तिच्यांत जनावराचे गुण पाहतच नाहींत. मुलगा वासराला कसें चालवितो, कसें उभें करतो, तें बुजलें तर स्वतः किती शांत राहतो, एवढेंच पाहतात. दीडशें वर्षें ज्याच्याकडे कोणी पाहिलें नाहीं, त्या मोरकी धरणाऱ्या हाताला अशा रीतीनें परीक्षक मिळाला.

परंतु ह्याच व्यवस्थेंत ह्या साऱ्या विद्येचें दुःख उघडें पडतें. मांसासाठीं वाढविलेला गोऱ्हा प्रदर्शन संपल्यावर लिलांवांत विकला जातो, आणि तेथून तो कत्तलखान्यांत जातो. ज्या मुलीनें आठ-दहा महिने त्याचा विश्वास मिळविला, तिनेंच त्याला अखेरच्या वेळीं रिंगणांत फिरवावयाचें असतें. तो तिच्यामागून सैल दोरानें जातो, कारण दोरीच्या ह्या टोंकाला आपलें वाईट करणारें कोणी नाहीं, हें तिनेंच त्याला शिकविलेलें असतें. कोणी म्हणतात, ह्यामुळें मुलांना शेतीचें सत्य कळतें आणि ताटांतल्या अन्नाची किंमत समजते. कोणी म्हणतात, ही शिकवण कोवळ्या मनाला फार जड आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. एवढें मात्र खरें कीं, विश्वास संपादन करणें म्हणजे एक जबाबदारी पत्करणें होय, हें ज्या मुलाला त्या दिवशीं उमगतें तें मूल जत्रेंतून परत येतें तें पूर्वींचें राहत नाहीं.

भारतांत ह्या प्रकारच्या प्रदर्शनांना विसाव्या शतकांत सरकारी चालना मिळाली. १९२६ ते १९२८ ह्या काळांत काम केलेल्या शाही कृषिआयोगाचे अध्यक्ष लॉर्ड लिनलिथगो हे १९३६ सालीं व्हाइसरॉय म्हणून आले. चांगल्या वळूंच्या प्रसाराचा त्यांनीं पुरस्कार केला, आणि १९३८ सालीं दिल्लींत अखिल भारतीय पशुप्रदर्शन भरलें. परंतु महाराष्ट्राला जनावरांची पारख सरकारानें शिकविली असें मुळींच नव्हे. पुसेगांवची सेवागिरी महाराजांची यात्रा, खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा, नांदेड जिल्ह्यांतील माळेगांवची खंडोबाची यात्रा, ह्या यात्रांतून खिलार, देवणी, लाल कंधारी अशा जातींचीं जनावरें येत आलीं आहेत. येथील पारखीची रीत मात्र वेगळी. गिऱ्हाईक दांत पाहतो, खूर पाहतो, बैल चालवून पाहतो, आणि भाव रुमालाखालीं बोटांच्या खुणांनीं ठरतो. तो मांस शोधीत नसतो; तो चाल, दम आणि स्वभाव शोधीत असतो. आपल्याकडील खोंडाची शिकवणहि तशीच. त्याला एखाद्या जुन्या, सुस्वभावी बैलाच्या जोडीला जुंपतात, आणि अर्धें शिक्षण तो बैलच देतो. बैलपोळ्याच्या दिवशीं मात्र जूं बाजूला राहतें. शिंगांना रंग, पाठीवर झूल, गळ्यांत घुंगुरमाळ घालून बैलांची मिरवणूक निघते. महाराष्ट्राचें खरें प्रदर्शन तेंच. त्यांत परीक्षक नसतो आणि कोणी हरतहि नाहीं.

आतां मात्र महाराष्ट्रांतहि तो बदल घडत आहे, जो इंग्लंडांत दोनशें वर्षांपूर्वीं घडला. नांगरणीचें काम यंत्रानें घेतलें आहे. औताचा बैल कमी होत आहे, आणि जो उरला आहे तो पुष्कळदां शर्यतीसाठीं किंवा प्रदर्शनासाठीं पाळला जात आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१४ सालीं बैलगाड्यांच्या शर्यती बंद केल्या होत्या. पुढें राज्याच्या कायद्यांत दुरुस्ती झाली, आणि २०२३ सालीं न्यायालयानें ती वैध ठरविली. त्या वादाचा गाभा कायद्याचा असला तरी त्याच्या मुळाशीं प्रश्न जुनाच आहे: जनावर धांवतें तें भयानें कीं शिकवणीनें? कायदा चाबूक बंद करूं शकतो. पण वासरूं लहान असतांना त्याच्याजवळ बसून राहण्याची चिकाटी तो कोणाच्या अंगीं आणूं शकत नाहीं.

इंग्लंडांतील मोठीं प्रदर्शनेंहि सर्व टिकलीं नाहींत. लंडनचें स्मिथफील्ड प्रदर्शन २००४ सालानंतर अर्ल्स कोर्टांत भरलें नाहीं, आणि रॉयल संस्थेचें अखेरचें प्रदर्शन २००९ सालीं झालें. स्कॉटलंडचें हायलंड प्रदर्शन आणि गांवोगांवच्या लहान जत्रा मात्र चालू आहेत. तेथें अजूनहि सकाळच्या दंवांत एखादें मूल आपल्या कालवडीला रिंगणाकडे नेतांना दिसतें. कालवड दारापाशीं थबकते. जमिनीवर तंबूची सावली पडलेली असते. अजाण मूल दोर ओढतें. ज्याला शिकवण मिळालेली आहे तें थांबतें, कालवडीला मान खालीं घालून ती सावली हुंगूं देतें, आणि तिनें पहिलें पाऊल टाकलें कीं दोर सैल सोडतें. बेकवेलच्या शेतावरील त्या अनाम पोराला जें कळलें होतें तें हेंच. आणि त्याहून फारसें अधिक ह्या विद्येंत पुढें कोणाला सांपडलेलें नाहीं.